दारच्या कुत्र्याचा धनी कोण?

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न हा मोठ्या शहरांचा प्रश्न आहे, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात रूढ झालेली दिसते. दिल्लीतील घटनांच्या बातम्यांची सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२५ रोजी आपणहून दखल घेतली. ११ ऑगस्टला राजधानी परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. अवघ्या अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश सौम्य केला आणि नसबंदी व लसीकरण करून कुत्री पुन्हा मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरविले. या प्रकरणाची व्याप्तीही त्याच वेळी देशभर वाढविण्यात आली. त्यावर पुष्कळ वादंग झाले. प्राणिप्रेमी एका बाजूला आणि चावा घेतलेल्यांचे आप्त दुसऱ्या बाजूला, असे दोन तट पडले. परंतु भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावासारख्या गावांचा विचार या वादात कोणी केला, असे दिसत नाही. वास्तविक या प्रश्नाचे मूळ उलगडून पाहायचे असेल, तर ते अशा गावातच पाहिले पाहिजे.

आंधळगाव हे हातमागाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे गाव. भोवती धानाच्या बांध्या, जिल्हा तलावांचा. अशा गावात कुत्रे हे माणसाच्या वस्तीचा एक स्वाभाविक भागच असते. ते ओसरीवर पडते, उरलेसुरले खाते, रात्री अनोळखी पावलावर भुंकते, शिवारात गुरांमागे जाते. मात्र ‘हे कुत्रे कोणाचे?’ असे विचारले, तर मिळणारे उत्तर मोठे बोलके असते. ‘अमक्याचे आहे’ असे क्वचितच कोणी म्हणतो. ‘अमक्याच्या दारावर असते’ असे म्हणतात. या दोन वाक्यांतील अंतर हाच खरा प्रश्न आहे. राखणीचा लाभ घेताना कुत्रे दारचे असते. त्याने कोणाच्या मुलाला चावा घेतला की ते गावचे होते. पिले गोजिरवाणी असतात तोवर सगळी मुले त्यांना आपली म्हणतात. कुत्रीला आठ पिले झाली की ती कोणाचीच नसतात.

कायद्याची दोन खाती

कायद्याने कुत्र्यांची दोन खाती केली आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने २००१ मध्ये कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम केले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आणले. या नियमांनुसार पाळीव प्राण्याचे लसीकरण, जंतनाशन आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. रस्त्यावरच्या प्राण्यांच्या बाबतीत ती स्थानिक संस्थेची. विभागणी कागदावर स्वच्छ आहे. परंतु खेड्यातील बहुसंख्य कुत्री या दोन्ही खात्यांच्या मधल्या फटीत राहतात. त्यांना खायला घालणारे हात असतात, पण त्यांच्या नावाने उत्तर देणारा कोणी नसतो. मालक म्हणतो, ते भटके आहे. ग्रामपंचायत म्हणते, ते कोणाच्या तरी दारचे आहे. लस मात्र त्याला कोणीच टोचत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे एक कोटी ५३ लाख, तर महाराष्ट्रातील सुमारे १२ लाख ७६ हजार नोंदली गेली. हे आकडे पाहून ‘एवढी कुत्री आली कोठून?’ असा प्रश्न विचारला जातो. उत्तर अवघड नाही. त्यांतील कित्येकांच्या मागच्या पिढ्या कोणाच्या ना कोणाच्या दारावर होत्या. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. एका वितीत पाच-सहा पिले सहज होतात. त्यांतला एखादा नर कोणी मागून नेतो. माद्यांना मागणी नसते. मग त्या पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवेवर, बाजाराच्या जागी वा रस्त्याच्या कडेला सोडल्या जातात. ज्यांना सोडले जाते, त्यांच्याच पोटी पुढची पैदास होते. भटके कुत्रे हे आकाशातून पडत नाही. माणसाने टाळलेल्या जबाबदारीचे ते चालतेबोलते रूप असते.

नागपूरचा धडा

दत्तक घेण्याचा प्रश्न न्यायालयात सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो याच विदर्भात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खायला घालावयाचे असेल त्यांनी आधी ती दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत, महापालिकेकडे त्यांची नोंद करावी वा त्यांना निवाऱ्यात ठेवावे, असा आदेश दिला आणि सार्वजनिक जागी खायला घालणाऱ्यांना दंडही सुनावला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. खायला घालणाऱ्याने कुत्रे दत्तक घेतलेच पाहिजे, असा आग्रह धरता येणार नाही, अशी त्या न्यायालयाची भूमिका होती.

कायद्याच्या दृष्टीने ती भूमिका योग्यच म्हणावी लागेल. भुकेल्या जिवापुढे भाकरीचा तुकडा टाकणाऱ्याला गुन्हेगार ठरविणे हे या भूमीच्या संस्कारात बसणारे नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तर प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच ठरविले आहे. तथापि नागपूरच्या आदेशामागील प्रश्न स्थगितीने संपला, असे मानणे चुकीचे ठरेल. दया आणि दायित्व यांचा परस्परसंबंध काय, हा तो प्रश्न होता. न्यायालय दायित्वाची सक्ती करू शकत नाही, म्हणून दायित्वच उरत नाही, असे नव्हे. जे कायद्याने लादता येत नाही, ते नागरिकाने आपणहून स्वीकारावे लागते.

नामदेवांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथेचा अर्थ भूतदया एवढाच लावला जातो. पण त्यातील धावण्याकडे लक्ष दिले पाहिजे. भाकरी फेकून पाठ फिरविणे सोपे असते. जिवामागे जाणे, त्याला पुढे काय लागेल याचा विचार करणे, याला श्रम पडतात. ओसरीवरून शिळा घास टाकणे ही दयेची केवळ पहिली पायरी आहे.

चाव्याची किंमत

या उदासीनतेची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. सरकारी नोंदींनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना घडल्या. रेबीज एकदा लक्षणांनिशी प्रकट झाला की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्याकडून येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि चावा घेतला जातो तो बहुधा रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला, पहाटे शेतावर निघालेल्या मजुराला, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला. मोटारीतून फिरणाऱ्यास हा धोका सहसा शिवत नाही.

खेड्यात या धोक्यात अज्ञानाची भर पडते. जखमेवर हळद, तिखट वा चुना भरणे, मांत्रिकाकडे नेणे, ‘ओळखीचेच कुत्रे आहे’ म्हणून स्वस्थ बसणे, हे प्रकार अद्याप संपलेले नाहीत. वास्तविक जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीचा क्रम सुरू करणे व तो पुरा करणे, एवढ्याने जीव वाचतो. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिपिंडांचे औषधही द्यावे लागते. पिलू लहान आहे म्हणून त्याच्या चाव्याने काही होत नाही, ही समजूतही घातक आहे. १८८५ च्या जुलैत लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर ही लस प्रथम वापरली. त्याला एकशेचाळीस वर्षे उलटून गेली. इतक्या काळानंतरही या रोगाने माणसे मरतात, याचे कारण विज्ञान अपुरे पडले, हे खचित नव्हे.

मराठी माणसाला शेजारच्या गोव्याचे उदाहरण घेता येईल. तेथे सरकार आणि एका स्वयंसेवी मोहिमेने मिळून सुमारे दशकभर कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले, शाळाशाळांतून मुलांना शिक्षण दिले, संशयित कुत्र्यांवर पाळत ठेवली. प्रतिवर्षी ७० टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचविण्याचे लक्ष्य गाठल्यावर कुत्र्यांतील रेबीजचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदले आहे. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. हे कुत्री मारून झाले नाही. मारण्याचा मार्ग मुंबई महापालिकेने अनेक दशके चोखाळून पाहिला आणि अखेर १९९४ मध्ये तो सोडून नसबंदीचा मार्ग धरला. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरी कुत्री येतात, एवढाच त्या दीर्घ प्रयोगाचा निष्कर्ष निघाला.

दत्तक म्हणजे काय?

मग आंधळगावासारख्या गावाने करावे काय? नसबंदीची केंद्रे, पकडणारी पथके, निवारे ही सारी व्यवस्था प्रामुख्याने महापालिकांसाठी कल्पिलेली आहे. तालुक्याच्या पातळीवर ती सहसा आढळत नाही, आणि ती उद्या उभी राहील अशा आशेवर बसून राहण्यातही अर्थ नाही. खेड्यात जो उपाय आजच हाताशी आहे, तो म्हणजे दारावरच्या कुत्र्याला दारचे म्हणून रीतसर स्वीकारणे. दत्तक या शब्दाला शहरी छटा आली आहे. पण त्याचा मूळ अर्थ मराठी कुटुंबाला परका नाही. दत्तक घेतलेल्याला नाव मिळते, घर मिळते, आणि त्याच्या बऱ्यावाईटाला ते घर बांधील राहते. कुत्र्याच्या बाबतीत अर्थ वेगळा नाही.

ही बांधिलकी कोणती, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. पिलू आईपासून निदान आठ आठवडे तोडू नये. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पार्व्हो व डिस्टेंपर या घातक रोगांच्या लशी, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी तिची पुनरावृत्ती. मधूनमधून जंताचे औषध. गोचिड्यांवर लक्ष, कारण गोचीडतापाने कुत्री मरतात. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि उन्हाळ्यात सावली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे योग्य वयात नसबंदी. विशेषतः मादी दत्तक घेणे, हा या प्रश्नावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. जी मादी कोणी नेत नाही, तीच नेऊन तिची शस्त्रक्रिया करून घेतली, तर पुढच्या कित्येक पिलांचे हाल आणि गावाचे भय एकाच वेळी टळते.

दत्तक घेणे म्हणजे साखळीने खांबाला बांधून ठेवणे नव्हे. सतत बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरविण्याची काळजी न घेणे, हा १९६० च्या अधिनियमानेच क्रूरतेचा प्रकार मानला आहे. दिवसभर बांधलेले कुत्रे चिडखोर होते आणि सुटले की चावते. उलट, त्याला बेबंद सोडणे हेही दायित्व नव्हे. पाळलेल्या प्राण्यापासून इतरांना होणारा धोका टाळण्यात निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपले कुत्रे कोणाला चावले, तर जखमीला दवाखान्यात नेणे आणि कुत्र्याच्या लसीची नोंद दाखविता येणे, हे मालकीचे किमान लक्षण मानले पाहिजे.

आणि शेवटची बांधिलकी त्याग न करण्याची. घरचे कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. ते म्हातारे होते, आंधळे होते, खरजेने केस गळतात. मालकाची बदली होते, मुले शिकायला जातात. अशा वेळी त्याला दूर सोडून येणाऱ्यांत अशिक्षित जास्त असतात, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. शहरातून हौसेने आणलेली केसाळ विलायती जात, जिल्ह्यातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात धापा टाकू लागली, औषधाचा खर्च वाढला, की रस्त्यावर येते. तिच्यापेक्षा गावातलेच गावठी कुत्रे या हवेला कितीतरी अनुरूप असते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! सहा दशकांहून अधिक काळ हा आकडा तसाच राहिला. समाजाने या अपराधाची किंमत किती ठरविली आहे, हे त्यावरून दिसते. स्वर्गाच्या दारातही सोबतच्या कुत्र्याला सोडण्यास नकार देणाऱ्या युधिष्ठिराची कथा जो समाज सांगतो, त्याला हा आकडा शोभणारा नाही.

शाळेच्या आवारातला प्रश्न

शिक्षकवर्गापुढे तर हा प्रश्न आता थेट येऊन ठेपला आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवावीत, नसबंदी व लसीकरणानंतर त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये, असा आदेश दिला. आवाराला कुंपण घालणे आणि देखरेखीसाठी जबाबदार व्यक्ती नेमणे हेही त्यात आले. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करता या आदेशामागील हेतूबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु खेड्यातील शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. दुपारच्या पोषण आहाराचे खरकटे जेथे पडते, तेथे दोन-चार कुत्री ठाण मांडतातच. मुले त्यांना नावे ठेवतात, डब्यातला घास देतात. त्यांना हलवावयाचे कोठे? जवळ निवारा नसेल, तर आदेशाच्या पालनाचा एकच सोपा मार्ग उरतो, आणि तो म्हणजे रात्री गाडीत घालून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडणे. कागद पुरा होईल. आंधळगावचा प्रश्न शेजारच्या गावाचा होईल, आणि शेजारच्या गावाचा आंधळगावचा. भेदरलेले, अनोळखी जागी टाकलेले कुत्रे अधिक चावते, हे वेगळे सांगावयास नको.

याहून प्रामाणिक मार्ग असा की खरकट्याची विल्हेवाट नीट लावावी, आणि शाळेला परिचित असलेली ही कुत्री गावातील घरांनी लस टोचून, नसबंदी करवून रीतसर आपली म्हणून न्यावीत. २२ ऑगस्टच्या आदेशानेही प्राणिप्रेमींना दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आहे. अट एवढीच की, एकदा नेलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. ती अट कठोर नाही. ती दत्तक या शब्दाची व्याख्याच आहे.

गावाच्या वेशीपलीकडे

भंडारा जिल्ह्याला या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे, आणि तो जंगलाचा आहे. कोका अभयारण्य आणि नागझिऱ्याचे रान याच परिसरातले. तेथे वाघ-बिबट्यांबरोबर रानकुत्र्यांचेही कळप आहेत. लस न टोचलेली गावकुत्री शिवारातून रानात जातात आणि डिस्टेंपरसारखे रोग बरोबर नेऊ शकतात. २०१८ मध्ये गुजरातच्या गीर अरण्यात थोड्या आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांपैकी काहींत याच रोगाचे विषाणू सापडले होते. उलट, बिबट्या गावाकडे येतो त्याच्या कारणांत सहज मिळणारे मोकाट कुत्रे हेही एक असते. म्हणजे दारावरच्या कुत्र्याची उपेक्षा ही वेशीवर थांबत नाही.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की, विणकराच्या किंवा शेतमजुराच्या घरात माणसांच्या औषधाचीच ओढाताण. कुत्र्याचा खर्च कोणी करावा? आक्षेप खरा आहे. म्हणूनच लस आणि शस्त्रक्रिया यांचा भार एकट्या घरावर टाकता येणार नाही. घराने नाव, अन्न आणि निगा द्यावी. लस आणि नसबंदीची सोय सार्वजनिक खर्चाने व्हावी. पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने ग्रामीण भागात आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पशुविज्ञान विद्यापीठ नागपुरात, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. ग्रामपंचायतीने वर्षातून एक दिवस, शक्य तर २८ सप्टेंबरच्या रेबीजदिनाच्या सुमारास, लसीकरणाचे शिबिर भरविणे, कुत्र्यांची एक साधी नोंदवही ठेवणे, गळ्यात पट्टा बांधणे, याला फार मोठी तरतूद लागत नाही. गावातील शिक्षक आणि कारकून यांनी मनावर घेतले, तर ती नोंदवही एका रविवारात तयार होईल. एका रविवारात ती होणार नाही असे म्हणणाऱ्यांनी, निवडणुकीच्या याद्या कोण तयार करतो, हे आठवावे.

दुसरा आक्षेप असा की, लाखो कुत्री दत्तक जाणे अशक्य आहे. तेही खरे. दत्तक हा नसबंदी-लसीकरणाच्या शासकीय कार्यक्रमाला पर्याय नाही, आणि त्या आडून स्थानिक संस्थांना आपले कर्तव्य टाळता येणार नाही. परंतु खेड्यातील हिशेब शहरापेक्षा वेगळा आहे. तेथे बरीचशी कुत्री आधीच कोणाच्या तरी दारावर आहेत. नवी घरे शोधावयाची नाहीत. आहे त्या घरांनी आहे ते नाते कबूल करावयाचे आहे. देशाने २०२१ मध्ये जो राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज नाहीसा करण्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट दिल्लीच्या आदेशांनी गाठले जाणार नाही. ज्या कुत्र्याला धनी आहे, त्यालाच लस मिळते. ज्याला धनी नाही, ते सुटून जाते, आणि रोग नेमका तेथे टिकून राहतो.

कुत्र्याने माणसाशी केलेला करार फार जुना आहे, आणि त्याने आपली बाजू आजवर पाळली आहे. रात्रीच्या राखणीबद्दल ते पगार मागत नाही. माणसाची बाजू मात्र घासापलीकडे जात नाही. गावोगावच्या दारांवर पडलेल्या कुत्र्यांची नावे नोंदवहीत चढली, आणि प्रत्येक नावापुढे एका माणसाचे नाव लिहिले गेले, तर अर्धा प्रश्न तेथेच सुटेल. त्या दुसऱ्या रकान्यात आपले नाव लिहिण्याची तयारी किती जणांची आहे, यावर भूतदयेच्या साऱ्या गोष्टी तपासल्या गेल्या पाहिजेत.